बेंबीचं मीठ

बाळाची नाळ नवव्या दिवशी पडली आणि त्याच दिवशी म्हातारीनं मिठाची डबी खाली काढली.

डबी प्लॅस्टिकची, झाकणाला चीर गेलेली. पत्र्याची असती तर मिठागरावर चार महिन्यांत गंजून तिचा भुगा झाला असता. तसं मिठागरावर मिठाची काय नवलाई! पायाच्या भेगांत मीठ, केसांत मीठ, वाळत घातलेल्या कपड्यांवर मीठ. पण डबीतलं मीठ वेगळं. सकाळी वारा सुटायच्या आत वाफ्याच्या कडेला पाण्यावर पातळ पापुद्रा धरतो, तो म्हातारी बोटांनी अलगद उचलायची. मग वाळवायची, वाटीच्या बुडानं रगडायची आणि फडक्यातून चाळून घ्यायची. ठोकळ मीठ ट्रकात जायचं, हे डबीत.

वस्तीत सगळे तिला मीठआजी म्हणत. चार वर्षांपूर्वी तिच्या नातीची, मुंगीची, नाळ पडली आणि बेंबीत मुगाएवढा लाल अंकुर राहिला. सारखा ओला. वस्तीवर येणाऱ्या नर्सबाईनं तो पाहिला, पुसला, दाबून बघितला आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, चिमूटभर बारीक मीठ टाकायचं, दहा मिनिटं ठेवायचं, मग कोमट पाण्यानं पुसून काढायचं, दिवसातून दोनदा. दुसरी, पण आधी प्रत्येक बाळाची बेंबी मला दाखवायची, कारण सगळ्या ओल्या बेंब्या सारख्या नसतात. पहिली गोष्ट म्हातारीनं गाठीला बांधली. दुसरी तिच्या कानावरून गेली म्हणा, नाहीतर तिनंच जाऊ दिली म्हणा.

घरात घड्याळ नव्हतं. म्हातारीला शंभरापर्यंत मोजता यायचं, कारण ट्रकात टोपल्या शंभर-शंभरानंच मोजत. नर्सबाई म्हणाली, मग सावकाश सहा वेळा शंभर मोजा. म्हातारीनं त्याला आपला हेल लावला. मोठ्यानं मोजायचं, दर दहाला थांबायचं आणि बाळाच्या पोटावर एक फुंकर घालायची. चौथ्या दिवशी मुंगीची बेंबी कोरडी खडखडीत झाली. त्यानंतर वस्तीतली नऊ बाळं तिच्या मांडीवर येऊन बरी होऊन गेली. जन्मभर फावडं ओढून जो मान मिळाला नव्हता तो चिमूटभर मिठानं मिळाला. लोक बसायला पाट देऊ लागले, तिचं बोलणं मध्येच तोडेनासे झाले. म्हातारीला ते गोड लागायचं, यात काय खोटं?

तर नवव्या दिवशी तिनं बाळाला मांडीवर घेतलं. सून शेजारी उकिडवी बसली.

"आई, फार लाल आहे हो. मुंगीची एवढी नव्हती."

"मुंगीची तू कुठे बघितलीस? तू तर तेव्हा तापानं फणफणली होतीस."

"आणि मधे टोचल्यासारखं काय आहे ते? भोक आहे का?"

"बेंबीत भोक नाही तर काय दार असणार? सरक, उजेड अडवू नकोस."

सून हसली. म्हातारीनं चिमूट सोडली, वर फडकं ठेवलं आणि मोजायला लागली. बाळानं पहिल्या दहातच असा टाहो फोडला की बाहेर मुंगी कानांवर हात ठेवून पळाली.

"छातीत दम आहे माझ्या राजाच्या," म्हातारी म्हणाली आणि पोटावर फुंकर घातली.

अकराव्या दिवशी सून वाफ्यावर गेली. जायलाच हवं होतं. मीठ उचलायचे शेवटचे दोन महिने म्हणजे मिठागराची घाई. ढग यायच्या आत सगळ्या वाफ्यांतलं मीठ ओढून, बांधावर ढीग लावून, ट्रकात भरायचं. बाळंतपणाला दहा दिवसांची सूट, बाकी मुकादमाचा नियम साधा होता. आठ वाफ्यांमागे दोन धडधाकट माणसं रोज हजर. चार दिवस एक जरी कमी पडलं की वाफे दुसऱ्या घराला, आणि वाफे गेले की वस्तीतली खोलीही गेली. म्हातारीचे गुडघे दोन वर्षांपूर्वीच संपले होते, तिला मुकादम धरतच नव्हता. उरले मुलगा आणि सून.

मुलगा वाफ्यात उतरून लाकडी दंताळ्यानं मीठ ओढायचा. सून टोपल्या भरून डोक्यावरून बांधावर न्यायची. बाळंतपणाचं अंग, त्यात गुडघ्यापर्यंत खारं पाणी. दुपारी दूध पाजायला यायची तेव्हा तिच्या पोटऱ्यांवर मिठाचे पांढरे ओघळ वाळलेले असत आणि डोळे लाल झालेले असत, कारण त्या उन्हात मीठ डोळ्यांत शिरल्यासारखं चमकतं. बाळाला घ्यायच्या आधी ती हात तीनदा धुवायची.

"आई, हे फडकं बघा. पिवळं झालंय."

"दूध सांडलं असेल."

"बेंबीच्या जागीच कसं सांडेल? आणि वास येतोय."

"अगं, एवढंसं पोर आणि एवढं ऊन. वास नाही येणार तर काय होणार? चार दिवस दम धर. मुंगीचं नाही का बरं झालं?"

चार दिवसांनी अंकुर सुकला नाही. उलट वाढून चिंचोक्याएवढा झाला. म्हातारीनं मीठ दोनदाऐवजी तीनदा केलं. त्या दिवशी सकाळी सून आणि मुलगा गेल्यावर तिनं फडकं काढलं, बाळानं रडताना पोट आवळलं आणि त्या लाल अंकुराच्या टोकाला एक बुडबुडा आला. थरथरला आणि फुटला. मागोमाग पिवळी धार, अगदी बारीक, बाळाच्या कुशीवरून म्हातारीच्या मनगटावर आली. तिनं मनगट नाकाशी नेलं. आयुष्यात तिनं किती पोरांचे लंगोट धुतले होते. तो वास कशाचा ते तिला कुणी सांगायला नको होतं.

बेंबीतून शी येते असं तिनं कधी ऐकलं नव्हतं, बघणं तर दूरच. मग तिनं मनगट धुतलं, फडकं धुतलं, जुन्या चादरीची चार बोटं रुंद पट्टी फाडली आणि बाळाच्या पोटाला आवळून बांधली. कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही.

बाविसाव्या दिवशी नर्सबाई वजन करायला आली. तिच्या खांद्याला तराजूची पिशवी होती आणि चपलांना चिखल.

"काय हो मीठआजी, डॉक्टरीण झालात म्हणे! मी आता रजा टाकायला हरकत नाही."

"टाका की. तुमचा पगार मात्र मला द्या."

दोघी हसल्या. नर्सबाईनं बाळाला झोळीत घालून काटा बघितला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"वजन म्हणावं तसं नाही वाढलं. पाजते ना नीट?"

"दुपारी येते, संध्याकाळी येते. मधे मी साखरेचं पाणी देते."

"ते देऊ नका. बेंबी कशी आहे?"

"कोरडी. ठणठणीत."

"पट्टी कशाला मग?"

"रडून रडून पोट दुखतं त्याचं, म्हणून बांधली."

"सोडा बरं, बघते."

म्हातारीनं बाळाला छातीशी घेतलं. "आत्ता कुठे डोळा लागलाय हो. तुमच्या त्या काट्यानं निम्मा जागा झालाय. परत उठला तर दिवसभर मला उसंत नाही."

बाहेर ऊन चढत होतं. नर्सबाईच्या वहीत अजून सतरा घरं होती, आणि समोर जी बसली होती तिनं नऊ बाळं बरी केली होती. तिनं वहीत काहीतरी लिहिलं. "बरं, पुढच्या खेपेला बघते. पण ओलं वाटलं तर लगेच शहरातल्या दवाखान्यात न्यायचं. थांबायचं नाही."

"छे, थांबते कशाला?" म्हातारी म्हणाली.

सुनेनं दुरून नर्सबाईला जाताना पाहिलं. टोपली बांधावर टाकून ती धावत आली. धाप लागली होती तिला.

"गेल्या? अहो, मला हाक मारायची ना! बेंबी दाखवली?"

"दाखवली."

"काय म्हणाल्या?"

"बघितलं, दाबून बघितलं. म्हणाल्या, ठीक आहे, सुकेल. तुमचा हात आहे म्हटल्यावर मला काळजी नाही, म्हणाल्या."

हे शेवटचं वाक्य कुठून आलं ते म्हातारीलाच कळलं नाही. पण ते ऐकून सुनेचा चेहरा सैल पडला. ती बाळाशेजारी लवंडली आणि पाजता पाजता झोपी गेली. म्हातारी तिच्या पायांच्या भेगांना तेल लावत बसली. खोटं बोलल्याचं तिला वाईट वाटत होतं, आणि खोटं पचल्याचं बरंही वाटत होतं. शहरात नेलं तर सून चार-सहा दिवस जाणार. वाफे जाणार. हे कारण खरं होतं. पण त्याखाली आणखी एक कारण होतं आणि त्याच्याकडे ती बघत नव्हती: मीठआजीच्या घरचंच पोर दवाखान्यात!

एकदा मात्र सुनेनं विषय काढलाच. जेवताना म्हणाली, "मला नाही बाई बरं वाटत. फडकं रोज पिवळं. मी आपली उद्या याला शहरात घेऊन जाते."

मुलानं आईकडे पाहिलं. घरात आजाराचं ती ठरवायची.

"जा की," म्हातारी म्हणाली. "आणि मीठ कोण भरणार?"

मुलानं घास गिळला आणि ताटात बोट फिरवत बसला.

"नर्सबाईनं बघितलंय ना?" त्यानं शेवटी विचारलं.

"बघितलंय," सून म्हणाली. आणि ते तिथंच संपलं.

पस्तिसाव्या दिवशी, भर दुपारी, बाळ रडायचं थांबेना. ते नेहमीचं रडणं नव्हतं. पाय पोटाशी घेऊन, चेहरा काळानिळा करून, मधेच श्वास कोंडून रडत होतं. दोनदा हिरवं ओकलं. पोट नगाऱ्यासारखं टणक लागत होतं. म्हातारीनं पट्टीची गाठ सोडली.

बेंबीतून आतडं बाहेर आलं होतं. लालभडक, ओलं, बोटाएवढं लांब आणि टोकाला दोन्ही बाजूंना शिंगांसारखं फाकलेलं. ते हलत होतं. म्हातारीचा उजवा हात, तिला न विचारता, फळीवरच्या डबीकडे गेला. झाकणाला बोट लागलं तेव्हा ती भानावर आली. तिनं डबी सोडून दिली, ओलं फडकं त्याच्यावर टाकलं आणि बाळाला उचलून गुडघ्यांची पर्वा न करता बांधाकडे निघाली.

"अगं ये गं! अगं धावा रे कुणीतरी!"

सुनेनं फडकं उचलून पाहिलं. ती ओरडली नाही. तिनं फडकं जागच्या जागी ठेवलं आणि मुकादमाकडे वळली. दवाखान्याच्या गाडीला फोन लावून झाला. गाडी पार दुसऱ्या टोकाला होती, पोचायला दोन तास लागतील म्हणाले. ढिगाशेजारी ट्रक उभा होता, निम्मा भरलेला.

"ट्रक सोडा," मुलगा म्हणाला.

"सोडतो की. भरू दे," मुकादम म्हणाला. माणूस वाईट नव्हता. घाम पुसत होता, पोराकडे बघायचं टाळत होता. "निम्मा ट्रक पाठवला तर मालक उद्या मला इथून उठवेल. दोनशे टोपल्या उरल्यात. सगळे मिळून लागलात तर होईल पाऊण तासात."

मुलानं हात जोडले. मग त्याच्या पायाशी वाकला. मुकादम दोन पावलं मागे सरकला. "असं करू नकोस रे. माझ्या हातात असतं तर मी थांबवलं असतं का?"

सुनेनं बाळ म्हातारीच्या हातात दिलं, टोपली उचलली आणि ढिगात घातली.

त्या दिवशी जसं मीठ भरलं गेलं तसं त्या मिठागरावर कधी भरलं गेलं नसेल. पलीकडच्या ओळीतली भोंगा आली, आवाजामुळे तिला सगळे भोंगाच म्हणत. तिचा नवरा आला. वस्तीतली काटकी आली, सात महिन्यांचं पोट घेऊन आली, कुणी नको म्हटलं तरी ऐकेना. मुलगा फावड्यानं टोपल्या भरून देत होता आणि सून फळीवरून चढत होती, ओतत होती, उतरत होती. इतरांची एक टोपली होईस्तोवर तिच्या दोन. बाळ रडलं की तिच्या छातीतून दूध सुटायचं, कपडे भिजायचे आणि त्या ओल्यावर मीठ चिकटायचं. ती खाली बघत नव्हती. भोंगा वर उभी राहून मोजत होती, आणि शंभर झाले की सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडत होती.

म्हातारी ट्रकाच्या सावलीत बाळाला घेऊन बसली होती. मीठ कोण भरणार असं तिनं विचारलं होतं. भरत होते की सगळे.

ट्रक भरला तोवर बाळाचा आवाज बसला होता. आतड्याचा रंग लाल राहिला नव्हता, जांभळा झाला होता. चालकानं गाडी पळवली, पण वाटेत वजनकाट्यावर थांबावंच लागलं.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिनं बाळाला बघितलं मात्र आणि पळापळ सुरू झाली. सलाईन, नळ्या, सह्या. मुलाच्या पँटच्या दुमडीतून फरशीवर मीठ सांडत होतं, तो जाईल तिथे पांढरी रेघ. झाडणारी बाई मागून आली. "ए, बाहेर झटकून या ना! आत्ता पुसलंय मी." मुलगा बाहेर गेला आणि उन्हात उभा राहून पँट झटकत राहिला.

मग डॉक्टरीण तिघांसमोर आली.

"बाळ पोटात असताना आतड्यापासून नाळेपर्यंत एक बारीक नळी असते. जन्माच्या बरंच आधी ती आपोआप बंद होते. तुमच्या बाळाची उघडीच राहिली. म्हणून बेंबीतून आतड्यातलं येत होतं. आता त्याच वाटेनं आतडंच बाहेर आलंय आणि अडकलंय. ऑपरेशन करतोय. पण आतड्याला रक्त मिळायचं थांबून खूप वेळ झालाय." ती थांबली. "ओलं कधीपासून होतं?"

"नाळ पडल्यापासून," सून म्हणाली.

"म्हणजे?"

"आज पस्तिसावा दिवस."

डॉक्टरिणीचं लिहिणं थांबलं. "कातडी सोलून निघालीये सगळी. काय लावत होतात?"

"मीठ."

"मीठ? कोण लावत होतं?"

म्हातारीनं तोंड उघडलं.

"मी," सून म्हणाली.

"शिकलेली आहेस?"

"सातवी."

"मग? पोटच्या पोराच्या बेंबीतून शी येते आणि तू त्यावर मीठ टाकतेस? एकदा, एकदा कुणाला दाखवावंसं नाही वाटलं? ओलं दिसलं त्याच आठवड्यात आणलं असतं तर लहानसं ऑपरेशन होतं गं. आठवड्यात घरी गेला असतात."

बाकावरची माणसं माना वळवून बघत होती. सून खाली मान घालून ऐकत होती. नर्सबाईनं बघितलं होतं, हे तिनं सांगितलं नाही. कुणाच्या नोकरीवर यायला नको असं तिला वाटलं असेल. म्हातारी तिच्या शेजारीच होती, तिच्या बाहीला बाही लागत होती. एक शब्द बोलली असती तर झालं असतं. तो शब्द तिच्या तोंडून निघाला नाही, आणि डॉक्टरीण निघून गेली.

आतडं वीतभर कापावं लागलं. बाळ दोन दिवस काढून तिसऱ्या सकाळी गेलं. अजून त्याचं नाव ठेवलं नव्हतं. कागदावर नावाच्या जागी आईचं नाव आणि पुढे 'चं बाळ' एवढंच लिहिलं होतं.

रिकाम्या ट्रकातून ते परत आले. वस्तीजवळ पुरायला जागा नाही, दोन हात खणलं की खारं पाणी लागतं. मुलानं आधी तिथंच खणलं, पाणी लागलं. दुसरीकडे खणलं, पाणी लागलं. शेवटी सडकेच्या कडेला, जिथं भराव उंच आहे, तिथं कोरडी माती मिळाली. फावडं मिठाचंच होतं. सून म्हणाली, "ते धुऊन घ्या." मुलानं ते गोड्या पाण्यानं दोनदा धुतलं.

संध्याकाळी मुकादम दाराशी आला. आत आला नाही. "तुमचे वाफे ठेवलेत," तो म्हणाला. "तीनच दिवस झाले. चौथा पडला नाही." चांगली बातमी सांगायची की नाही हे त्याला कळत नव्हतं. मुलानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी दोघं वाफ्यावर गेले.

सून सासूला वेळेवर वाढत होती, पाय चेपून देत होती. एकदाच, भांडी घासताना, ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मला वास येत होता. मला कळायला हवं होतं. आई मी होते." म्हातारी दारात बसली होती. ती उठून बाहेर गेली आणि खोलीमागे भिंतीला डोकं लावून रडली. ओरडून सांगावं असं तिला रोज वाटायचं. पण सांगितलं तर ही पोर पुन्हा पाणीसुद्धा देणार नाही, या भीतीनं ती गप्प राहायची. डबी फळीवर तशीच होती. कुणी हलवली नव्हती.

मीठ उचलायचे शेवटचे दिवस आले. काटकी बाळंत झाली होती, महिनाभर आधीच, किडमिडीत मुलगी. एका दुपारी ती फडक्यात गुंडाळलेली पोर घेऊन आली. सून तेव्हा दारासमोरच्या ढिगातून बांधावरच्या ट्रकासाठी टोपली भरत होती.

"आजी," काटकी चाचरत म्हणाली, "तुमच्याकडे असं झालंय, मला यायला तोंड नाही. पण हिची बेंबी ओली राहिलीये. तेवढं मीठ लावता का?"

"दवाखान्यात ने," म्हातारी म्हणाली.

"अहो, एवढंसंच आहे. हे बघा ना."

"मी बघणार नाही. मला बघता येत नाही. शहरात ने."

काटकीचा चेहरा पडला. "माझ्याच पोरीला नको म्हणता? भोंगाच्या दोन्ही पोरांना केलंत. मी तुमच्यासाठी पोटुशी असताना टोपल्या वाहिल्या." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "शहरात म्हणजे दोन दिवस गेले. आणि मीठ कोण भरणार, आजी?"

म्हातारी उठली. भिंत धरून उठली.

"ऐक," ती म्हणाली. "माझ्या नातवाच्या बेंबीतून बुडबुडा आला होता. पंधराव्या दिवशी. मी बघितला. शी आली, मी हुंगून बघितली. मला कळलं होतं हे मिठाचं काम नाही. तरी लावलं. नर्सबाईला कोरडी आहे म्हणून सांगितलं. तिनं पट्टी सोडा म्हटलं, मी सोडली नाही. हिला येऊन सांगितलं, नर्सबाईनं बघितलं. बघितलं नव्हतं. माझ्या तोंडानं गेलं माझं पोर. तू जा. आत्ताच्या आत्ता जा."

सुनेच्या हातातली टोपली तशीच राहिली.

"बघितलं नव्हतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"दाबून बघितलं म्हणालात."

"खोटं बोलले."

सून उभी राहिली. मग तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि सासूच्या अंगावरून, तिच्याकडे न बघता, बांधाकडे चालू लागली. म्हातारीला वाटलं होतं ती मारेल, शिव्या देईल, केस धरेल. त्यातलं काहीही चाललं असतं.

काटकी घाबरून मागे सरली होती. तेवढ्यात पलीकडच्या ओळीतून भोंगाचा आवाज आला. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"अगं, इकडे आण तिला! नातू गेल्यापासून म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही, काहीही बडबडते बिचारी. मी लावते. तिच्याच हातचं शिकलेय मी."

"नेऊ नकोस गं," म्हातारी म्हणाली. "आधी दाखव. सगळ्या सारख्या नसतात."

पण काटकी निघाली होती. म्हातारी तिच्या मागे गेली, चार पावलं गेली, गुडघ्यानं दगा दिला आणि ती ढिगाला टेकून खाली बसली. तिकडे दार लागलं. पोरीनं टाहो फोडला. त्यावर भोंगाचा आवाज चढला, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असा, म्हातारीच्याच हेलात. एक, दोन, तीन. दहाला ती थांबली. फुंकर घातली असणार.

म्हातारीनं कान झाकले. तरी आकडे येतच राहिले. सून रिकामी टोपली घेऊन परत आली, तिच्याशेजारी वाकून मीठ भरू लागली. म्हातारी मिठात बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. ते थांबवायचे कसे ते तिला कळत नव्हतं.

"सरका," सून म्हणाली. "मला तिथलं भरायचंय."